दप्तर

माझा नातू इंदूरला असतो. मुलीचे सासर तिकडचे, घरात बोलणे हिंदी, त्यामुळे त्याचे मराठी म्हणजे सुटीतले मराठी. मे महिन्यात येतो, आठ दिवसांत बोलू लागतो आणि जून उजाडला की विसरतो. या वर्षी आला तेव्हा सुटीचा अभ्यास भरलेली भली मोठी पिशवी पाठीवर होती. मी आपले नेहमीप्रमाणे म्हटले, "अरे, ते दप्तर तिकडे कोपऱ्यात ठेव आणि हातपाय धुऊन घे." तर हा जागचा हलेना. म्हणाला, "आजी, दफ्तर तर पप्पांचं आहे. मी कसं ठेवू?"

त्याचे पप्पा जिथे नोकरीला जातात ते दफ्तर! आणि पाठीवर आहे ती बॅग. त्याचे दादाजी मात्र तिला अजून 'बस्ता' म्हणतात.

आता गंमत अशी, की त्याच दिवसांत आमच्या पुतणीच्या मुलीचे लग्न ठरले होते आणि घरात उठता बसता 'बस्ता' चालला होता. बस्ता कधी बांधायचा, साताऱ्यात बांधायचा की पुण्याला जायचे, मानाच्या साड्या किती, वगैरे. पोराने दोन दिवस ऐकून घेतले आणि तिसऱ्या दिवशी विचारले, "आजी, लग्नानंतर नवरी शाळेत जाणार आहे का?"

सगळे हसले, मीही हसले. पण पस्तीस वर्षे मुलांना 'तुमचे दप्तर उघडा, दप्तर भरा' असे सांगण्यात गेली, आणि हा शब्द कुठून आला हे मी एकदाही पाहिले नव्हते. त्याची खंत वाटली. निवृत्तीनंतर वेळ भरपूर आहे, कोश घरात आहेत. बसले शोधत. तीन-चार आठवडे त्यात गेले आणि शोध भलत्याच ठिकाणी जाऊन पोहोचला. ते सगळे लिहून ठेवावे म्हणते.

आधी बस्त्याचे सांगून टाकते, ते सोपे आहे. फारसीत 'बस्तन' म्हणजे बांधणे आणि 'बस्ता' म्हणजे बांधलेले. आपला संस्कृत 'बंध' आणि हा 'बस्ता' एकाच मुळाचे, दूरचे चुलत भाऊ. हिंदीत पुस्तके बांधली तो बस्ता, आपल्याकडे लग्नाचे कपडे बांधले तो बस्ता. आपण 'बस्ता बांधला' असे म्हणतो तेव्हा खरे तर 'बांधलेले बांधले' असे म्हणतो. 'बंदोबस्त'मध्येही हाच 'बस्त' आहे. बांधणे आणि बांधणे, दोनदा! पोलिसांना बहुधा एकदा बांधून पुरत नसावे.

आता दप्तर. मराठीत याचे दोन अर्थ आपण रोज वापरतो. एक शाळेची पिशवी. दुसरा नोंदवह्या, हिशेब, कागदपत्रे यांचा संग्रह: ग्रामपंचायतीचे दप्तर, शाळेचे दप्तर, तलाठ्याचे दप्तर. आम्हा शिक्षकांना हा दुसरा अर्थ पहिल्यापेक्षा जवळचा. तपासणी यायची म्हटले की 'दप्तर तयार आहे का?' हा पहिला प्रश्न. हजेरीपट, जनरल रजिस्टर, कॅशबुक, शेरेबुक, जडवस्तुसंग्रह नोंदवही... यातले एक जरी अपुरे असेल तरी मुख्याध्यापकांना रात्री झोप नसे. मुलांना काय येते हे विचारण्याआधी दप्तर बघत. असो.

कोश म्हणतो शब्द फारसी, 'दफ्तर'. माधव ज्यूलियन आपल्याला कवी म्हणून माहीत, पण त्यांनी, म्हणजे माधवराव पटवर्धनांनी, १९२५ मध्ये फार्शी-मराठी कोश काढला होता. मराठीत फारसीचे किती मीठ मुरले आहे हे तो चाळताना कळते. जमा, खर्च, बाकी, तारीख, हजर, रुजू, फाजील, शिल्लक. यातले काही मुळात अरबी, पण आपल्याकडे आले फारसीच्या हाताला धरून. म्हणजे हिशेब लिहायचा आणि फारसी नको म्हणायचे तर कारकुनाची लेखणीच चालायची नाही.

हे शब्द गावोगावी पोहोचले ते कुलकर्ण्यांमार्फत. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने सोळाव्या शतकात राज्याचा हिशेब फारसीतून काढून देशी भाषेत लिहायला लावला आणि त्यामुळे ब्राह्मण कारकुनांचा दरबारात शिरकाव झाला, असे फरिश्ता नावाच्या इतिहासकाराने लिहिले आहे. भाषा देशी झाली, शब्द मात्र तेच राहिले. पुढे शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. डबीराचा सुमंत झाला, मुजुमदाराचा अमात्य झाला. पण दप्तर मात्र दप्तरच राहिले. पेशवाईत पुण्याला हुजूर दप्तर होते, दप्तरदार होते. दप्तरदार आणि दप्तरी ही आडनावे अजून आहेत. नागपूरचे विद्वान भाऊजी दप्तरी अनेकांना ठाऊक असतील.

हे दप्तर म्हणजे दिसायला काय असे? सुटे कागद, लांबच लांब, मोडीत लिहिलेले. ते एकावर एक ठेवून चौकोनी फडक्यात बांधत. त्या फडक्याला म्हणत रुमाल. पुण्यात सरकारी पुराभिलेखागारात पेशवे दप्तर आहे. तिथे कागद अजूनही रुमालांत मोजतात, हजारो रुमाल आहेत. एका रुमालात शेकडो, कधी हजारो कागद. आपण खिशात घडी करून ठेवतो तो रुमाल आणि हा रुमाल एकच शब्द. 'रू' म्हणजे चेहरा, 'माल' म्हणजे पुसणारा. तोंड पुसायच्या फडक्यात राज्य बांधून ठेवले आहे!

आणि त्या रुमालांवर लोकांचे आयुष्य अडकलेले होते, हे विसरता येत नाही. १८१८ मध्ये पेशवाई गेली, दप्तर इंग्रजांच्या हाती आले. पुढे १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले. ज्याच्या पूर्वजांना जमीन इनाम मिळाली होती त्याने ते कागदाने सिद्ध करायचे. घरातला कागद आणि पुण्याच्या दप्तरातला कागद जुळला तर जमीन राहिली, नाही तर गेली. ज्यांच्या घराला कधी आग लागली होती, ज्यांचे कागद कसरीने खाल्ले होते, त्यांनी काय करावे? पिढ्यान्‌पिढ्या कसलेली जमीन, पण दप्तरात नाही म्हणून नाही.

इतिहासाच्या अभ्यासकांना हे दप्तर बघायला मिळावे म्हणून बरीच वर्षे खटपट करावी लागली. शेवटी रियासतकार सरदेसायांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातले निवडक कागद ४५ भागांत छापून काढले. त्याच्या आधी राजवाडे गावोगाव हिंडून लोकांच्या घरातली दप्तरे जमा करत होते. १८९८ मध्ये त्यांचा पहिला खंड निघाला, असे एकूण २२ निघाले. खाणे नाही, पिणे नाही, पायी फिरायचे आणि कोणाच्या माळ्यावर काय आहे ते विचारायचे. आमच्याकडे तर जुने कागद पुडीला देऊन टाकत. वाण्याने बांधलेल्या हळदीच्या पुडीवर मोडी अक्षर मी लहानपणी पाहिले आहे. वडील ती पुडी सोडवून सरळ करून वाचत बसत आणि आई म्हणे, "आधी हळद तरी काढून द्या!"

वडील मामलेदार कचेरीत कारकून होते. दप्तर सांभाळणे हीच त्यांची नोकरी. त्यांना मोडी उत्तम येई. आम्हाला कोणी शिकवले नाही.

तर रुमालात बांधलेल्या कागदांना दप्तर म्हणत. आता गावात लिहिण्या-वाचण्याचे सामान गाठोड्यात बांधून काखेत घेऊन जाणारा माणूस कोण? कुलकर्णी. आणि त्याच्यासारखेच फडक्यात बांधलेले सामान काखेत घेऊन जाणारा दुसरा कोण? शाळेत जाणारे पोर. लोकांनी कौतुकाने म्हणा, थट्टेने म्हणा, पोराच्या गाठोड्यालाही दप्तर म्हटले असणार. हा माझा तर्क, पण मला तो सरळ वाटतो. मग गाठोड्याची पिशवी झाली, पिशवीला बंद आले, बंद खांद्यावरून पाठीवर गेले, नाव तेच. तिकडे हिंदीत नोंदवहीचे नाव ती वही जिथे ठेवतात त्या जागेला लागले, म्हणून दफ्तर म्हणजे कचेरी. एका शब्दाच्या दोन वाटा झाल्या. आमचा नातू बरोबर त्या दोन वाटांच्या मधे उभा होता!

आणखीही वाटा आहेत. तुर्कस्तानात 'देफ्तेर' म्हणजे साधी वही. आफ्रिकेत स्वाहिलीतही 'दफ्तारी' म्हणजे वही. रूमीच्या मसनवीचे सहा भाग आहेत, त्यांना सहा दफ्तरे म्हणतात. इंडोनेशियात 'दफ्तर' म्हणजे यादी, आणि 'दफ्तर हादिर' म्हणजे काय असेल? हजेरीपट! हे वाचले तेव्हा मी खुर्चीत बसल्या बसल्या टाळी वाजवली. इतक्या लांब कुठली तरी शिक्षिका सकाळी 'दफ्तर हादिर' घेऊन वर्गात जाते आणि मी तीस-पस्तीस वर्षे हजेरीचे दप्तर घेऊन जात होते.

पण मूळ फारसीसुद्धा नाही. फारसीने हा शब्द घेतला तो ग्रीकांकडून, बहुधा मधे अरामी भाषेतून. ग्रीक शब्द आहे 'दिफ्थेरा'. अर्थ, कमावलेले कातडे.

हिरोडोटस हा इ. स. पूर्व पाचव्या शतकातला ग्रीक इतिहासकार. तो लिहितो, की आयोनियातले ग्रीक लोक पपायरसच्या कागदालाही जुन्या सवयीने 'दिफ्थेरा' म्हणजे कातडीच म्हणतात. कारण एके काळी पपायरस मिळत नसे तेव्हा ते शेळ्या-मेंढ्यांच्या कातड्यांवर लिहीत. म्हणजे वस्तू बदलली तरी नाव राहिले. आपण नाही का, शिसे नसलेल्या पेन्सिलीला शिसपेन्सिल म्हणत! इराणच्या राजदरबारात वैद्य म्हणून राहिलेला क्टेसियस नावाचा दुसरा ग्रीक होता. आपण इराणचा इतिहास राजाच्या 'दिफ्थेरां'वरून, म्हणजे राजदप्तरावरून लिहिला असे तो सांगतो. त्याच्या इतिहासावर विद्वानांचा फारसा विश्वास नाही, पण इराणी राज्यकारभार कातड्यावर लिहिला जाई हे खरे आहे. इजिप्तवर इराणचे राज्य होते तेव्हाचा सुभेदार अर्शाम याने आपल्या कारभाऱ्यांना कातड्यावर लिहिलेली पत्रे ऑक्सफर्डला बोडलियन ग्रंथालयात आहेत. ती सापडली तीसुद्धा एका चामडी पिशवीत. चोवीसशे वर्षांपूर्वीचे दप्तर, पिशवीसकट.

ग्रीकांचे पुढे काय झाले तेही मजेदार आहे. त्यांच्यावर तुर्कांचे राज्य आले आणि तुर्कांचा देफ्तेर त्यांनी 'तेफ्तेरी' म्हणून परत घेतला. आपलाच शब्द आहे हे विसरून. ग्रीसमधला वाणी उधारीची वही ठेवतो ती तेफ्तेरी. मुलगी परदेशी गेली आणि नात माहेरी आली तर आजीने ओळखले नाही, तशातली गोष्ट.

इथपर्यंत मी खुशीत होते. नातवाला गोष्टीसारखे सांगावे म्हणून वहीत टिपणेही काढत होते. मग 'दिफ्थेरा' नीट पाहावा म्हणून मुलाने ठेवून गेलेला मोठा इंग्रजी कोश काढला. त्यात तो शब्द दप्तराशी नाही, भलत्याच शब्दाशी दिला होता. डिप्थेरिया.

मी कोश मिटवून ठेवला. दोन दिवस उघडला नाही.

डिप्थेरिया म्हणजे घटसर्प. आमच्या भागात घटसर्प हा शब्द जनावरांच्या रोगाला जास्त ऐकू येई, गळा सुजून गुरे पटापट मरतात तो. तो वेगळा, त्याचे जंतू वेगळे. माणसांच्या, त्यातही लहान मुलांच्या घशाचा जो रोग त्यालाही तेच नाव होते.

माझा धाकटा भाऊ, आम्ही त्याला बाळ म्हणत असू, १९५९ च्या जूनमध्ये पहिलीत गेला. मी नऊ वर्षांची, चौथीत. आईने वडिलांच्या जुन्या खाकी कोटाचे दोघांना एकेक दप्तर शिवले होते. माझे कोटाच्या पाठीचे, त्याचे पुढच्या बाजूचे, त्यामुळे त्याच्या दप्तराला बाहेरून एक आयता खिसा होता, बटणाचा. त्या खिशावरून आमची भांडणे. मला खिसा हवा होता. तो त्यात चिंचोके ठेवी आणि वर्गात खुळखुळवी.

दिवाळीनंतर त्याला ताप आला. घसा दुखतो म्हणाला. आईने हळद-मीठ, मधातले औषध, सगळे केले. तिसऱ्या दिवशी आवाज बसला, श्वासाचा आवाज येऊ लागला. वडील तालुक्याहून डॉक्टर घेऊन आले. मला आत येऊ देत नव्हते, मी दाराशी उभी. डॉक्टरांनी चमच्याने जीभ दाबून, कंदील जवळ धरून घशात पाहिले आणि वडिलांना हळूच म्हणाले, "घशात कातडे धरले आहे."

कातडे. हाच शब्द. मला तेव्हा त्याचे फार नवल वाटले होते, की घशाच्या आत कातडे कसे येईल?

१८२६ मध्ये ब्रेतोनो नावाच्या फ्रेंच डॉक्टरने या रोगाला नाव दिले, ते नेमके याच्यावरून. तूर गावाच्या बाजूला साथी येत होत्या, त्याने मेलेल्या मुलांचे घसे तपासले आणि आत चामड्यासारखा राखाडी पापुद्रा पाहिला. ग्रीकमध्ये चामड्याला दिफ्थेरा, म्हणून रोग 'दिफ्थेरीत', पुढे डिप्थेरिया. इराण, विजापूर, पुणे असा फिरत एक शब्द आमच्या घरी खाकी कोटाच्या पिशवीवर येऊन बसला होता, आणि त्याचाच दुसरा भाऊ फ्रान्समधून त्याच घरात आला, एकाच वर्षी.

या रोगावर उतारा १८९० पासून माहीत होता. बेरिंग आणि कितासातो यांनी तो शोधला, बेरिंगला १९०१ मध्ये वैद्यकाचे पहिले नोबेल मिळाले ते त्याच्याच सीरमबद्दल. आमच्या डॉक्टरांनाही माहीत होते. सीरम साताऱ्याहून आणावे लागेल म्हणाले. वडील रात्री निघाले. एस्टी सकाळी होती, ते रात्री चालतच हमरस्त्याला गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी सीरम घेऊन परत आले. तेव्हा मला मावशीकडे पाठवून झाले होते, त्यामुळे पुढचे मी पाहिलेले नाही. मावशीनेच चार दिवसांनी सांगितले.

घरी आले तेव्हा बाळचे अंथरूण, कपडे, टोपी, सगळे जाळून झाले होते. रोग लागतो म्हणून तसे करत. त्याच्या नावाचे काही म्हणजे काही घरात उरले नव्हते. फोटो तर कधी काढलाच नव्हता. सहा वर्षांच्या मुलाचा कोण फोटो काढतो तेव्हा.

माझ्या मुलांना सत्तरच्या दशकात ट्रिपलची इंजेक्शने दिली तेव्हा मी तारखा भिंतीवर लिहून ठेवत असे. १९७८ पासून सरकारने ती लस सगळ्यांसाठी सुरू केली. पोरे रडायची, ताप यायचा, शेजारणी म्हणायच्या कशाला हाल करता लेकराचे. मी कोणाला काही सांगत बसले नाही.

आई १९९४ मध्ये गेली. तिच्या ट्रंकेच्या तळाशी, लग्नातल्या शालूच्या घडीत, ते खाकी दप्तर निघाले. आत पाटी, लाकडी चौकट एका कोपऱ्यात निघालेली. पेन्सिलीचा तुकडा. अंकलिपी. खिशात चिंचोके. तिने जाळायच्या ढिगातून ते काढून लपवले असणार. पस्तीस वर्षे कोणाला बोलली नाही. वडील कारकून माणूस, घरातल्या प्रत्येक वस्तूची त्यांना नोंद. ट्रंकेत काय आहे हे त्यांना ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. त्यांनीही विचारले नाही. रोग लागला असता तर? नऊ वर्षांची मी घरात होतेच की. याचा विचार आईने केला नसेल का? तेव्हा मला तिचा थोडा रागही आला होता, हे लिहायला हरकत नाही आता.

आणि दुसरे दप्तर. २००७ मध्ये माझी पेन्शनची कागदपत्रे चालली होती. एका कचेरीत माझी जन्मतारीख जुळेना. सेवापुस्तकात ९ जून, त्यांच्या कागदावर १ जून. झाले काय, की आमच्या वेळी गुरुजी निम्म्या गावाची जन्मतारीख १ जून लिहीत. आईबापांना आठवत नसे, शाळा जूनमध्ये सुरू होई, सोपे काम. तिथल्या कारकुनाला वाटले माझीही तशीच, ९ म्हणजे कोणीतरी १ ला शेपूट काढले. पण माझे वडील कारकून! त्यांनी मुलीची तारीख अचूक सांगितली होती. तीन-चार महिने हेलपाटे झाले. दप्तरदिरंगाईविरुद्ध कायदा २००५ चा, पण कायदाही दप्तरातच असतो. शेवटी म्हणाले, पहिल्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा आणा.

म्हणून गावी गेले. माझ्या वेळी ती जिल्हा स्कूल बोर्डाची शाळा होती, १९६२ नंतर जिल्हा परिषदेची झाली. मुख्याध्यापक तरुण होते, पण दप्तर त्यांनी फार नीट ठेवले होते. कपाटातून लाल फडक्यात बांधलेले जुने रजिस्टर काढले, धूळ झटकली. माझे नाव सापडले. ९ जून, अंकी आणि अक्षरी, गुरुजींच्या टाकाच्या वळणदार अक्षरात. उतारा लिहायला ते बसले आणि मी म्हटले, मला जरा पुढची पाने बघू द्या.

१९५९, जून. खालून चौथे नाव. बाळचे खरे नाव, वडिलांचे नाव, आडनाव. जन्मतारीख. प्रवेशाचा दिनांक. इयत्ता पहिली. प्रगती, बरी. वर्तन, चांगले. शाळा सोडल्याचा दिनांक. आणि शाळा सोडल्याचे कारण या रकान्यात एकच शब्द, मयत.

इतर मुलांच्या त्या रकान्यात 'पुढील शिक्षणासाठी', 'परगावी गेल्याने', 'सतत गैरहजर' असे काय काय होते. मी स्वतः हे रजिस्टर आयुष्यभर भरले आहे. 'मयत' हा शब्द मीही दोनदा लिहिला आहे. लिहिताना पुढच्या नोंदीची घाई असते.

मुख्याध्यापकांनी विचारले, "बाई, कोणी ओळखीचे?" मी म्हटले, भाऊ. ते उठले आणि पाणी घेऊन आले. मग म्हणाले, "याचाही उतारा देऊ का?" त्याचा काही उपयोग नव्हता, कोणत्याही कचेरीत तो लागणार नव्हता. मी हो म्हटले. त्यांनी माझ्या उताऱ्यासारखाच तो लिहिला, खाली सही केली, शिक्का मारला, जावक क्रमांक टाकला. पैसे घेतले नाहीत.

तो कागद मी खाकी दप्तरात ठेवला आहे.

नातू परत जाण्याच्या आदल्या दिवशी मी त्याला ग्रीक, इराणी सगळी गोष्ट सांगितली. त्याला शेळीच्या कातड्यावर लिहिण्याचा भाग आवडला. डॉक्टरांचा भाग मी सांगितला नाही. मग ट्रंक उघडून दप्तर दाखवले, माझ्या लहान भावाचे आहे म्हणून. त्याने ते गळ्यात अडकवले, खिशाचे बटण उघडून चिंचोके मोजले, अकरा निघाले. पाटीवर आपले नाव लिहिले, हिंदीत 'ळ' नाही म्हणून मी त्याला मुद्दाम 'बाळ' लिहायला लावले, दोनदा गिरवून घेतले. मग आत हात घालून सगळीकडे चाचपून पाहिले आणि म्हणाला, "आजी, यात टिफिन कुठे ठेवायचा तो?"

मी म्हटले, "ठेवत नव्हता. शाळा जवळ होती, जेवायला घरी यायचा."